गल्ली क्रमांक दोन

तक्रारवही काउंटरच्या खिळ्याला सुतळीनं टांगलेली.
पेन्सिलही बांधलेली, कारण आधीच्या तीन चोरीला गेल्या.
बोस्नियात ही ठेवावीच लागते, मालक जेवाद सांगतो,
वाचायलाच हवी असं मात्र कुठं लिहिलेलं नाही.

मी वाचते.
रात्री बूट मोजून झाले,
छत्तीस ते सेहेचाळीस, प्रत्येकात पावडर मारून झाली
की मी, सेनिजा, भाड्याच्या बुटांची राणी,
गावाची कुरकुर मांडीवर घेऊन बसते.

"कॉफी थंड. पोरगी उद्धट."
(पोरगी म्हणजे मी. वय त्रेपन्न.)
"बूट ओले होते. कुणाच्या घामानं ते तरी सांगा."
"बायकोसमोर हरलो. उजेड जरा कमी ठेवत चला."
"आठवी पिन पडली होती. यंत्र खोटं बोलतं. मी रडलो नाही."
त्याखाली दुसऱ्या अक्षरात:
"रडला."

आणि दर गुरुवारी, पानाच्या तळाशी,
हजेरीबुकात सही करावी तशा टोकदार अक्षरांत:
"गल्ली क्रमांक दोन डावीकडे कलते. चामिल."

जेवाद आधी हसला.
मग दहाव्या गुरुवारी त्यानं पाणसळ मागवली.
बुडबुडा अगदी मधोमध.
चामिलनं तो वाकून पाहिला,
एका डॉक्टरनं दुसऱ्याचं निदान पाहावं तसा,
बूट परत केले (चव्वेचाळीस, डावा जास्त झिजलेला)
आणि लिहिलं:
"पाणसळही कलते."

या वसंतात वही गेली.
दाराशी एक खांब आला, त्यावर तीन तोंडं,
हिरवं हसरं, पिवळं ठोंब्या, लाल रुसलेलं.
पोरं येता-जाता तिन्ही बडवतात.
महिनाअखेरीस जेवाद आकडा वाचून दाखवतो,
शहाऐंशी टक्के समाधान,
आणि स्वतःच टाळी वाजवतो.

गुरुवारी चामिल आला.
चष्मा काढून तोंडं पाहिली, लावून पाहिली.
"यातलं 'कलतंय' म्हणणारं कुठलं?"

मी पावत्यांचा गठ्ठा उलटा करून पुढे सरकवला.
त्यानं पेन्सिल घेतली, टोक जिभेला लावलं,
आणि खाली ठेवली.
"तुला तोंडीच सांगतो.
या फरशीच्या खाली ऐंशी मीटर. तिथंही गल्ली दोन.
कोळसा आम्ही काढला, मी, अन् मीर्को, अन् क्लादान्यचा एक पोरगा,
ओठावर मिसरूडसुद्धा नव्हतं.
निघताना टेकू काढून न्यायचे असतात, पुढच्या गल्लीला लागतात.
उजवीकडचे राहू दिले.
डावीकडचे मी स्वतः"

इतक्यात मागं कुणाच्या तरी नऊच्या नऊ पडल्या.
वाढदिवसाची पार्टी होती. सगळे ओरडले.
त्यानं वाक्य उचललंच नाही पुन्हा.

तेव्हा खाली कुणी होतं का,
हे मी विचारलं नाही.
चव्वेचाळीसची जोडी पुढं ठेवली. आतून कोरडी, मी बोट फिरवून पाहिलं.

त्यानं गोळा नेहमीसारखा जरा उजवीकडून सोडला,
सवलत देऊन,
बहिऱ्याशी बोलताना आपण वाकतो तसं.
सात पडल्या.
पैसे मोजून दिले, सुटे, आणि गेला.

कुलूप लावायच्या आधी
मी एक गोळा दोन नंबरच्या मधोमध ठेवला.
ढकलला नाही. नुसता ठेवला.
फ्रीजची घरघर थांबेपर्यंत वाट पाहिली,
मग ती पुन्हा सुरू होईपर्यंत.
गोळा होता तिथंच.

पावतीच्या पाठीवर लिहिलं:
"गल्ली क्रमांक दोन डावीकडे कलते.
साक्षीदार, सेनिजा."
तारीख घातली.
खिळा रिकामाच होता.